रेघांनी काढलेला चेहरा जाळीमागे का दिसतो? एन्ग्रेव्हिंग पद्धतीच्या व्यक्तिचित्रातला नेहमीचा दोष आणि दुरुस्ती

आजीचा एक जुना फोटो आमच्या घरी आहे. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि उजवीकडच्या खिडकीतून तिरका आलेला उजेड. नोटेवर असतो तसा, एन्ग्रेव्हिंग म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रासारखा, नुसत्या रेघांतून उभा राहणारा चेहरा पेनाने काढायचा म्हणून मी तो फोटो समोर ठेवला. चार संध्याकाळी खपून चित्र पूर्ण केलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. आईने दारातूनच बघितलं आणि विचारलं, "आई मच्छरदाणीत बसलीये का गं?"

तिने दोष अगदी नेमका पकडला होता. चेहरा आजीचाच होता, नाकडोळे जागच्या जागी होते, पण तिच्या आणि बघणाऱ्याच्या मध्ये एक जाळी आली होती. पुढच्या चार चित्रांतही ती तशीच आली. मी पेन बदललं, कागद बदलला, रेघा आणखी बारीक केल्या. जाळी बारीक झाली, गेली नाही.

पेनाने अशी व्यक्तिचित्रं शिकणाऱ्या ज्यांच्याशी माझं बोलणं होतं, त्यांची तक्रार शब्द बदलून हीच असते. चेहरा सपाट वाटतो, मळकट वाटतो, तरुण माणूस साठीचा दिसतो, गालावर तारेचं कुंपण घातल्यासारखं होतं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच सवयीत आहे, आणि ती सवय कळली की सुधारणा पुढच्याच चित्रात दिसते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी तपासून बघा

तुमचं एखादं जुनं चित्र काढा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा. फक्त एका गालावरच्या रेघा उतरवून घ्या. डोळा नको, नाक नको, चेहऱ्याची कडही नको. आता तो ट्रेसिंग पेपर कोऱ्या कागदावर ठेवून बघा. गालाचा फुगवटा जाणवतो का? जाणवत असेल तर रेघांची दिशा बरोबर आहे. नुसता करडा पट्टा दिसत असेल तर आकार रेघांनी दाखवलेलाच नाही, तो नाकडोळ्यांच्या आधारावर कसाबसा उभा आहे.

मग चित्र हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करून बघा. करडी छटा सलग दिसायला हवी. त्याऐवजी रेघा एकमेकींना छेदतात तिथले काळे बिंदू आधी डोळ्यांत भरत असतील, तर जाळी या छेदांमुळे झाली आहे.

शेवटी, गालाच्या बाजूला जिथे मध्यम सावली आहे, तिथे रेघांचे किती थर दिलेत ते मोजा. माझ्या पहिल्या चित्रात तिथे चार थर होते. आडवा, उभा आणि दोन तिरके.

मूळ कारण: गडद करायचं म्हणजे आणखी एक थर द्यायचा

ही सवय पेन्सिलीची आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करताना आपल्यापैकी अनेकजण छायांकन पेन्सिलीनेच शिकलो. तिथे सावली गडद करायची म्हणजे तिच्यावरून आणखी एक हात फिरवायचा. पेन्सिलीला ते शोभतं, कारण तिची रेघ मऊ असते आणि थरात मिसळून जाते. शाईची रेघ मिसळत नाही. ती एकतर आहे किंवा नाही. तिच्यावरून दुसरी रेघ गेली की छेदाच्या जागी खूण उमटते आणि ती कायमची राहते.

थोडा हिशोब करून बघू, कारण माझ्या डोक्यात खरा प्रकाश या हिशोबाने पडला. समजा पेनाची रेघ ०.२ मि.मी. जाड आहे आणि एका रेघेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ०.८ मि.मी. अंतर आहे. म्हणजे कागदाचा पाव भाग काळा झाला, २५ टक्के छटा. आता तेवढ्याच अंतराने आडवा थर दिला, तर छटा ५० टक्के होत नाही. दुसऱ्या थराच्या काही रेघा आधीच्या काळ्यावरच पडतात, त्यामुळे ती ४४ टक्क्यांच्या आसपास थांबते. तिसऱ्या थराला साधारण ५८, चौथ्याला ६८. प्रत्येक थराला कष्ट तेवढेच, फळ मात्र कमी कमी, आणि छेदांचे काळे बिंदू झपाट्याने वाढतात.

आता दुसरा मार्ग बघा. त्याच २५ टक्क्यांच्या पहिल्या थरातली प्रत्येक रेघ ०.२ वरून ०.४ मि.मी. जाड केली. छटा सरळ ५० टक्के झाली. ०.६ केली तर ७५. छेद एकही नाही. अंतर तेच, दिशा तीच, फक्त रेघेचं अंग भरलं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे नेमकं हेच करत. त्यांची कोरणी, जिला ब्युरिन म्हणतात, टोकाला तिरकी घासलेली पोलादाची कांडी असते. ती पत्र्यात हलकी चालवली की केसाएवढी चर पडते, जोर दिला की चर खोल जाते आणि खोल गेली की आपोआप रुंदही होते. खोल चरीत शाई जास्त बसते आणि कागदावर जाड, गडद रेघ उतरते. म्हणजे अंधार आणि उजेड हे सगळं एका रेघेच्या अंगात भरलेलं असतं. पाचशेची नोट घेऊन गांधीजींच्या चित्रावरून बोटाचं टोक हळूच फिरवा, शाई किंचित उंच लागते. चरीतून आलेल्या शाईचा तो उंचवटा आहे. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जात आहेत, आणि आजही मोठ्या नोटांवरचा चेहरा याच तंत्राने छापतात. एक चांगलं भिंग घेऊन दहा मिनिटं तो चेहरा बघा. रेघ कुठे जाडावते, कुठे बारीक होते आणि कुठे तुटते, एवढंच शोधायचं. मला वाटतं, याहून स्वस्त पाठ्यपुस्तक कुठे मिळणार नाही.

याचा सगळ्यात टोकाचा नमुना फ्रान्समध्ये घडला. क्लोद मेलाँ या कोरणाऱ्याने १६४९ साली ख्रिस्ताचा चेहरा एका अखंड रेघेत कोरला. ती रेघ नाकाच्या शेंड्यापासून सुरू होते आणि चकलीसारखी फिरत फिरत बाहेर जाते. एकही छेद नाही, बाह्यरेषा नाही, वळसे जवळपास सारख्या अंतरावर. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, सगळं काही त्या एका रेघेच्या जाड-बारीक होण्यातून दिसतं. आपल्याला तसं काढायचं नाहीये, पण पुढच्या वेळी तिसरा थर द्यायला हात शिवशिवला की हा चेहरा आठवा.

एकाच जाडीच्या पेनाने रेघ कशी भरायची

टाकाची निब असेल तर दाबाने रेघ जाडावते. निब नेहमी स्वतःकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. ढकलली की टोक कागदाच्या तंतूत अडकतं आणि शाईचे शिंतोडे उडतात. सुरुवात हलकी, मध्ये दाब, शेवटी पुन्हा हलकी. शेजारी रद्दी कागद ठेवा आणि प्रत्येक वेळी निब बुडवल्यावर पहिली रेघ त्यावर ओढा, म्हणजे शाईचा थेंब चित्रावर पडणार नाही.

पण सुरुवातीला अनेकांच्या हाती फाइनलायनर, म्हणजे ठरावीक जाडीच्या टोकाचं शाईचं पेन असतं, आणि त्याची रेघ जाडावत नाही. पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरच्या ००५ क्रमांकाची रेघ ०.२० मि.मी., ०१ची ०.२५, ०३ची ०.३५. कितीही दाबा, फक्त टोक बसेल. इथे रेघ दोनदा काढायची. पहिली संपूर्ण लांबीची. दुसरी तिला अगदी चिकटून, पण दोन्ही टोकांना थोडी आधी संपणारी. आणखी गडद हवं असेल तर तिसरी, दुसरीहून आखूड. होणारा आकार ज्वारीच्या पानासारखा असतो, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. पहिल्या पाचपन्नास रेघांना कंटाळा येतो, मग हाताला लय सापडते.

टोकं निमुळती ठेवणं फार महत्त्वाचं आहे. सावली संपते तिथे सगळ्या रेघा एकदम थांबल्या, तर गालावर पायरी दिसते, जणू मास्क चिकटवलाय. रेघेचं टोक बारीक करत न्या, मग ती तुटू द्या, तुटके तुकडे आखूड करत ठिपक्यांवर आणा आणि ठिपकेही विरळ करत कोऱ्या कागदात सोडून द्या. शेजारच्या दोन रेघा एकाच ठिकाणी संपवू नका, एक थोडी पुढे, एक थोडी मागे. कपाळाच्या आणि नाकाच्या उजळ भागाला हे नीट जमलं की चेहरा एकदम श्वास घेऊ लागतो.

दिशा: रेघ त्वचेवरून चालली पाहिजे

जाडी सांभाळली तरी चेहरा सपाट राहत असेल, तर दोष दिशेचा आहे. हा भाग शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

हातातल्या बांगड्या आठवा. बांगडी तर गोलच असते, पण हात तुमच्या दिशेने पुढे आला की बांगड्यांच्या कमानी एका बाजूला वळतात, हात मागे गेला की दुसऱ्या बाजूला. नुसत्या बांगड्या काढल्या आणि हाताची कड काढलीच नाही, तरी हात दिसतो. चेहऱ्यावरच्या रेघांनी हेच काम करायचं. प्रत्येक रेघ म्हणजे त्वचेवर ताणून गुंडाळलेला दोरा आहे असं समजायचं. कपाळावर तो कवटीच्या गोलाईवरून आडवा जातो. नाकाच्या दांडीवर चढतो आणि पलीकडे उतरतो. गालावर कानाकडून निघून फुगवट्यावरून नाकपुडीकडे खाली झुकतो. पापणीवर तो खालच्या बुबुळाच्या गोळ्याला लपेटून जातो. ओठांवर उभा, किंचित कमानदार. मानेवर पुन्हा आडवा, पण मान हा खांब आहे, म्हणून तिथली कमान गालापेक्षा वेगळी.

वाचताना हे सोपं वाटतं, पण फोटो समोर ठेवला की दोरा कुठून जाईल ते कळत नाही. मी एक उपाय करते. अंधाऱ्या खोलीत घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून बसवायचं. मोठ्या दातांची फणी त्यांच्या गालाच्या चार बोटं पुढे धरायची, दात आडवे राहतील अशी. मोबाइलचा टॉर्च हातभर लांबून आणि वरच्या बाजूने टाकायचा, आणि आपण समोरून बघायचं. फणीच्या दातांच्या सावल्या गालावर पडतात आणि गालाबरोबर वळतात. नाकाच्या दांडीवर त्या टेकडीवरच्या नांगरटीसारख्या चढून उतरतात, नाकपुडीच्या कडेला एकदम आत वळतात. टॉर्च आणि डोळा एकाच रेषेत असला तर सावल्या सरळच दिसतील, म्हणून टॉर्च वर धरायला विसरू नका. हे एकदा बघितलं की मग फोटोतल्या गालावरही त्या सावल्या मनाने टाकता येतात. मी आईच्या चेहऱ्यावर हे केलं, कारण आजीचा गाल तिच्याकडे आलाय.

मग चित्राच्या कागदावर शाई लागण्याआधी पेन्सिलीने वीस-पंचवीस वाटाड्या रेघा आखून घ्या, पूर्ण चेहऱ्यावर, विरळ. सावली बिलकुल नको, फक्त दिशा. या रेघांवरूनच चेहरा उठून दिसत नसेल तर शाईने तो उठणार नाही, इथेच थांबून त्या दुरुस्त करा. पुढची प्रत्येक रेघ दोन वाटाड्या रेघांच्या मध्ये बसवायची.

सर्वात अवघड जागा म्हणजे नाकपुडी आणि गाल जिथे भेटतात ती खाच. गालावरच्या रेघा एका दिशेने येतात, नाकावरच्या दुसऱ्या, आणि मध्ये शिवण दिसते, जणू नाक वेगळं कापून डकवलंय. माझ्या तिसऱ्या चित्रात आजीचं नाक असंच झालं होतं. सुटका अशी झाली: गालाच्या रेघा मी खाचेत थांबवल्या नाहीत, बारीक करत नाकपुडीच्या सावलीखाली थोड्या आत सरकू दिल्या. नाकपुडीच्या रेघा त्यांच्यावरून, जाड सुरू करून, वर नेल्या. दोन दिशांची गाठ सावलीत पडली आणि शिवण दिसेनाशी झाली. दोन प्रवाह जुळवायचे तर ते शक्यतो अंधारात जुळवा. उजेडात जुळवावे लागले तर मध्ये ठिपक्यांची पट्टी सोडा.

आणि कागद फिरवत राहा. मनगटाला एकच कमान सहज जमते. कोरणारे लोक पत्रा वाळूने भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवत आणि वळणदार रेघेसाठी हात न वळवता पत्रा फिरवत. आपला कागद टेबलाला टेप लावून घट्ट बसवलेला असतो, म्हणून उजव्या गालाच्या रेघा झोकात येतात आणि डाव्या गालाच्या थरथरतात. एका पुठ्ठ्यावर कागद लावा आणि पुठ्ठा फिरवा.

सुरकुत्या

म्हाताऱ्या माणसाचं चित्र काढणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहायलाच हवं, कारण रेघांच्या चित्रात सुरकुती हा सापळा आहे. सुरकुती दिसायला रेघ असते, म्हणून आपण तिला रेघ म्हणून काढतो. पण चेहराच मुळी रेघांनी काढलेला असतो, त्यामुळे ती सुरकुती बाकीच्या रेघांत हरवते किंवा जखमेसारखी वर येते. आजीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या मी अशा काढल्या आणि ती रागावलेली दिसू लागली. ती तशी नव्हती.

सुरकुती म्हणजे त्वचेतली घडी, एक छोटी दरी. दोरा दरीवरून जाताना आत वळतो. म्हणून सुरकुती काढायची नाही, तिच्यावरून जाणाऱ्या गालाच्या रेघा त्या जागी किंचित खाली वाकवायच्या आणि तेवढ्यापुरत्या जाड करायच्या. दहा रेघा एकाखाली एक तशाच वाकल्या की सुरकुती आपोआप दिसते, तीही मऊ. जिथे घडी खरंच खोल आहे, नाकाकडून ओठांच्या कडेपर्यंत उतरते तिथे, तिच्या तळाशी दोन-तीन छोटे गडद तुकडे चालतात. सलग रेघ तिथेही नको.

छेद द्यावाच लागला तर

गडद सावलीत, हनुवटीखाली किंवा केसांच्या मुळाशी, नुसत्या जाड रेघांनी भागत नाही. तिथे दुसरा थर द्या, पण काटकोनात नको. काटकोनातल्या छेदांचे चौकोन होतात, आणि चौकोन म्हटलं की डोळ्याला खिडकीची जाळीच आठवते. दुसरा थर पहिल्याशी तीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन करून जाऊ द्या. मग चौकोनांऐवजी लांबट शंकरपाळे होतात आणि ते त्वचेच्या दिशेने पसरतात. कोन फारच लहान केला तर दोन थर मिळून रेशमासारख्या लहरी उमटतात, त्याही टाळा. दुसऱ्या थराची रेघ पहिल्यापेक्षा बारीक हवी. मालकी पहिल्या थराची, दुसरा मदतीला.

मग त्या शंकरपाळ्यांच्या पोटात एकेक बारीक ठिपका. ही नेदरलँड्समधल्या हार्लेमचा कोरणारा हेंड्रिक गोल्त्सियुस (१५५८–१६१७) याच्या काळातली युक्ती आहे. फुगत आणि निमुळत्या होत जाणाऱ्या रेघेवर या माणसाची हुकमत विलक्षण होती, आणि तीही लहानपणी आगीत भाजून अधू झालेल्या उजव्या हाताने कमावलेली. ठिपक्याने छेदाचा काळेपणा आणि पोटातला पांढरेपणा यांतला फरक कमी होतो, जाळी विरते आणि सावली मखमली होते. मी हे पहिल्यांदा आजीच्या हनुवटीखाली केलं, अंगठ्याएवढ्या जागेत. ठिपके देण्याआधी तिथे चाळण होती, दिल्यावर तिथे सावली आली.

सावळा रंग म्हणजे सगळीकडे गडद नव्हे

आपल्याकडे निम्म्या चित्रांत हा घोटाळा होतो. माणूस सावळा आहे म्हणून पूर्ण चेहऱ्यावर एक थर जास्त दिला जातो, आणि त्यात उजेड मरतो. सावळ्या त्वचेवर उजेडाचे ठिपके खरं तर जास्त ठळक असतात: नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर, कपाळाच्या एका बाजूला, खालच्या ओठावर. ते आकाराने लहान आणि कडा धारदार असलेले. ते आधी पेन्सिलीने आखून राखून ठेवा आणि तिथे शाई जाऊच देऊ नका. बाकी त्वचेसाठी थर वाढवण्याऐवजी रेघांमधलं अंतर कमी करा. ०.८ मि.मी. ऐवजी ०.६ वर गेलात तर तीच ०.२ची रेघ २५ टक्क्यांऐवजी ३३ टक्के छटा देते. त्वचा सावळी होते, मळकट होत नाही.

कुंकवासारख्या सपाट रंगाला मात्र जाड-बारीक होणाऱ्या रेघा नको. तिथे जवळजवळ बसलेल्या, एकाच जाडीच्या, कपाळाच्या गोलाईइतक्याच वाकलेल्या रेघा पुरे.

कड, केस, आकार

चेहऱ्याभोवती जाड बाह्यरेषा काढली असेल तर ती आधी सोडा. उजळ गालाची कड गालाने काढायची नसते, मागच्या पार्श्वभूमीने काढायची. मागे साध्या आडव्या रेघा भरा, त्या गालापाशी येऊन थांबू द्या, कड आपोआप स्वच्छ उमटेल. सावलीच्या बाजूला उलट: तिथे गालाच्या रेघाच जाड होत कडेला संपतात.

केसांचा एकेक केस काढू नका, बटा काढा, आणि बटेच्या वळणावरचा चमकता पट्टा कोरा ठेवा. अंबाडा म्हणजे गोळाच आहे, त्यावर रेघा गुंडाळल्या जातात.

आकार फार लहान घेणं ही चूकही जाळीला कारण होते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चेहऱ्याला जागा उरते आठ सेंटिमीटर, आणि ०.२ मि.मी.च्या रेघेला त्यात जाडावायला वावच नसतो, मग माणूस थरांकडे वळतो. चेहरा किमान सोळा ते अठरा सेंटिमीटर उंच घ्या. लहान हवा असेल तर छापताना निम्मा करा. ०.२ची रेघ मग ०.१ची होते आणि हाताने कधी आली नसती इतकी नजाकत येते.

फोटो समोरच्या फ्लॅशचा असेल तर तो बाजूला ठेवा. समोरून आलेला उजेड चेहऱ्यावरचे सगळे उतार पुसून टाकतो, रेघांना वळायला कारणच उरत नाही. एका बाजूच्या खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला. फोटो कृष्णधवल करा, आणि काढण्याआधी तो पाच छटांत वाटून घ्या: कोरा, ठिपके, बारीक रेघ, जाड रेघ, आणि जाड रेघ व छेद. ही वाटणी पेन्सिलीने कागदावर आधीच असली तर मध्येच घाबरून थर वाढवायची वेळ येत नाही.

शाई पसरते, किंवा फोनवर लहरी दिसतात

निमुळतं टोक काढता काढता फुटत असेल तर हात नाही, कागद बदला. साधा कार्ट्रिज पेपर शाई पितो, आणि पावसाळ्यात दमट हवेत तर आणखीच. गुळगुळीत आयव्हरी कार्ड किंवा ब्रिस्टल घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कागद प्लास्टिकच्या पिशवीत, टेबलाच्या खणात ठेवा. हाताखाली नेहमी एक कोरा कागद ठेवा, घामाचा डाग पडला की तिथे रेघ कायम पसरते.

चित्र हातात चांगलं दिसतं पण फोनवर पाठवलं की त्यावर लहरी येतात, अशी तक्रार असेल तर चित्रात दोष नाही. बारीक समांतर रेघा लहान पडद्यावर दाबून बसवल्या की त्या लहरी उमटतात. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जाळी झालेलं चित्र वाचवायचं असेल तर

फेकू नका. त्यातला एक थर निवडा, त्वचेच्या दिशेला सगळ्यात जवळचा असेल तो. ०३ किंवा ०५चं पेन घेऊन फक्त त्या एका थरातल्या रेघा जाड करा, सावलीकडे जास्त, उजेडाकडे अजिबात नाही. जाड झालेला थर पुढे येतो आणि बाकीचे आपोआप मागे सरतात. चार बरोबरीच्या थरांत भांडण होतं म्हणून जाळी दिसत होती, एकाला पुढे केलं की ती मोडते. मग काटकोनी चौकोनांत ठिपके भरा. उजेडाच्या जागी शाई गेली असेल आणि कागद जाड असेल, तर नव्या ब्लेडची कड आडवी धरून शाई पूर्ण वाळल्यावर हलके खरवडा, रेघ तुटून तुकडे झाले तरी पुरे, सगळी काढायची गरज नाही. खरवडलेल्या जागी पुन्हा शाई लावू नका, ती पसरते.

आजीच्या त्या पहिल्या चित्रावर मी हे केलं. गाल आणि कपाळ सुटले. मान सुटली नाही, तिथे पाचवा थरही दिला होता आणि कागदाचा पापुद्रा निघायला लागला, म्हणून पदराची किनार थोडी वर ओढून काढली.